इंग्लंडच्या सार्वजनिक विद्यापीठात शिकायला जाताना: फी, कागदपत्रं, व्हिसा आणि पहिले महिने

"सरकारी युनिव्हर्सिटी आहे म्हणता, मग फी फार नसेल ना?" ओळखीतल्या मुलांचे अर्ज आणि कागद बघून द्यायला मी बसते, तेव्हा हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे बहुतेक वेळा वडील असतात. आपल्याकडे सरकारी कॉलेज म्हणजे कमी फी, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इंग्लंडमध्ये ते चालत नाही, आणि ही गोष्ट अर्ज करण्याआधी घरातल्या सगळ्यांना नीट समजलेली बरी.

इंग्लंडमधली बहुतेक विद्यापीठं सार्वजनिक मानली जातात. त्यांना सरकारी निधी मिळतो आणि 'ऑफिस फॉर स्टुडंट्स' ही नियामक संस्था त्यांच्यावर लक्ष ठेवते. पण कारभार त्यांचा स्वतःचा असतो आणि आपला खर्च त्यांना स्वतःच भागवावा लागतो. देशातल्या विद्यार्थ्याच्या पदवीच्या फीवर सरकारने मर्यादा घातली आहे. २०२५-२६ साठी ती वर्षाला ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्याच्या फीवर अशी मर्यादाच नाही. विषय आणि विद्यापीठ यांवर ती वर्षाला साधारण १५ हजार पौंडांपासून ४० हजारांच्या पुढेही जाते. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या इंग्रज मुलीच्या दुप्पट-तिप्पट फी तुम्ही भरत असता. मग सार्वजनिक विद्यापीठ निवडायचं कशासाठी? पदवीची विश्वासार्हता, ग्रंथालयं, प्रयोगशाळा आणि काही बिघडलं तर दाद मागायची ठरलेली सोय, यांसाठी.

इथे मी मुख्यतः एक वर्षाच्या मास्टर्सचा विचार केला आहे, कारण आपल्याकडून जाणारी बरीच मुलं त्यासाठीच जातात. पदवीसाठी जाणाऱ्यांच्या वेगळ्या गोष्टी त्या त्या ठिकाणी सांगते.

विद्यापीठ निवडताना नाव पूर्ण वाचा

इंग्लंडमधल्या अनेक शहरांत मिळत्याजुळत्या नावांची दोन विद्यापीठं आहेत. युनिव्हर्सिटी ऑफ शेफील्ड वेगळं आणि शेफील्ड हॅलम वेगळं. तसंच मँचेस्टर आणि मँचेस्टर मेट्रोपॉलिटन, लीड्स आणि लीड्स बेकेट, नॉटिंगहॅम आणि नॉटिंगहॅम ट्रेंट. यातली दुसरी बहुतेक नावं १९९२ च्या कायद्यानंतर पॉलिटेक्निकची विद्यापीठं झाली त्या पिढीतली आहेत. त्यांना कमी लेखू नका. डिझाइन, नर्सिंग, बांधकाम व्यवस्थापन अशा विषयांत त्यांचं काम चांगलं असतं आणि फीही बरेचदा कमी असते. पण एकाची फी बघून दुसऱ्याला अर्ज केला, असं होऊ देऊ नका. मी असे दोन अर्ज स्वतः थांबवले आहेत.

दुसरी गोष्ट कॅम्पसची. काही विद्यापीठं मूळ शहरापासून दूर लंडनमध्ये शाखा चालवतात, काही आपला कोर्स दुसऱ्या खासगी संस्थेमार्फत शिकवतात. पदवीवर विद्यापीठाचं नाव असतं, पण ग्रंथालय, वर्ग, शिक्षक सगळं वेगळं असू शकतं. ऑफर लेटरवर शिकवण्याचं ठिकाण काय लिहिलंय ते वाचा.

त्यानंतर तीन तपासण्या करा. ऑफिस फॉर स्टुडंट्सच्या नोंदवहीत विद्यापीठाचं नाव आहे का? स्टुडंट व्हिसासाठी परवाना असलेल्या संस्थांच्या सरकारी यादीत ते आहे का? आणि कोर्सच्या पानावर मॉड्यूलची, म्हणजे कोर्समध्ये शिकवायच्या एकेका विषयाची, यादी दिली आहे ती तुम्हाला हवी तशी आहे का? तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी तीच मुलं करत नाहीत. 'डेटा सायन्स' या एकाच नावाखाली एका ठिकाणी वर्षभर संख्याशास्त्र शिकवतात, तर दुसऱ्या ठिकाणी व्यवस्थापन. जागतिक क्रमवारी शिष्यवृत्तीच्या अटीसाठी बघावी लागते, ठीक आहे. पण वर्षभर तुम्ही क्रमवारी शिकणार नाही, मॉड्यूल शिकणार आहात.

सध्या बऱ्याच विद्यापीठांचं आर्थिक गणित ताणलेलं आहे आणि काही ठिकाणी कोर्स बंद होतायत. म्हणून विद्यापीठाचा 'स्टुडंट प्रोटेक्शन प्लॅन' शोधून वाचा. कोर्स बंद झाला तर विद्यार्थ्यांचं काय करणार, हे त्यात लिहिलेलं असतं.

एजंटबद्दल एवढंच सांगते. "आमची सेवा फ्री आहे" याचा अर्थ त्याचे पैसे विद्यापीठ देतं. तो ज्या विद्यापीठांशी करारात आहे त्यांचीच नावं पुढे करणार, हे साहजिक आहे. कागद लावायला त्याची मदत घ्या, निवड मात्र तुमची तुम्ही करा. अर्जाचा ईमेल आयडी आणि पासवर्ड तुमचाच असू द्या. आणि कोणी बँकेचं किंवा अनुभवाचं खोटं पत्र "करून देतो" म्हणाला, तर तिथून उठा. अर्जात फसवणूक सापडली तर दहा वर्षांपर्यंत यूकेचा दरवाजा बंद होऊ शकतो, आणि ती शिक्षा एजंटला होत नाही.

सप्टेंबरपासून मागे मोजा

कोर्स सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होणार असं धरा आणि मागे मोजत या. आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कोर्स निवडा आणि ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, आपल्या विद्यापीठात अर्ज टाका. मुंबई असो वा पुणे, ट्रान्सक्रिप्ट हातात यायला आठवडे जातात. तुमच्या काही एटीकेटी असतील तर त्याही त्यात दिसतात, त्या लपवायच्या नाहीत. ऑक्टोबर ते जानेवारी हा मास्टर्सच्या अर्जांचा चांगला काळ. नावाजलेले कोर्स त्यानंतर भरत जातात. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑफर, एप्रिल-मेमध्ये कर्ज आणि डिपॉझिट (फीचा आगाऊ भरायचा भाग), जूनमध्ये खात्यात पैसे स्थिर, जुलैत व्हिसाचा अर्ज. ऑगस्टमध्ये सगळेच धावत असतात, त्या गर्दीत सापडू नका.

पदवीसाठी अर्ज 'यूकास' या केंद्रीय व्यवस्थेतून होतो. एका अर्जात पाच पर्याय देता येतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि बहुतेक वैद्यकीय, दंतवैद्यकीय, पशुवैद्यकीय कोर्सेसची मुदत १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेकांची जानेवारीच्या मध्यात. पदवीसाठी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हींना एकाच वर्षी अर्ज करता येत नाही. २०२६ च्या प्रवेशांपासून पर्सनल स्टेटमेंट सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांच्या उत्तरांत लिहायचं आहे, मर्यादा एकूण ४,००० अक्षरांची. बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळेल की आधी फाउंडेशन वर्ष (पदवीआधीचं तयारीचं वर्ष) करावं लागेल, हे विद्यापीठागणिक बदलतं. विद्यापीठाच्या वेबसाइटवर 'भारतातून येणाऱ्यांसाठी' असं स्वतंत्र पान असतं. त्यात महाराष्ट्र बोर्डासाठी किती टक्के मागितलेत ते बघा.

मास्टर्सचा अर्ज प्रत्येक विद्यापीठाच्या पोर्टलवर थेट करायचा असतो. काही फी घेतात, अनेक घेत नाहीत.

अर्जातल्या तीन अडचणी

पहिली नावाची. आपल्या एसएससी-एचएससीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव आणि शिवाय आईचं नाव असतं. पासपोर्टवर क्रम वेगळा. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचं आणखी तिसरंच. नियम एकच ठेवा: इंग्लंडच्या प्रत्येक कागदावर पासपोर्टवरचं नाव, त्याच स्पेलिंगने. मार्कशीटवर वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र किंवा गॅझेटची प्रत आत्ताच काढून ठेवा.

दुसरी शिफारसपत्रांची. अनेक विद्यापीठं प्राध्यापकांच्या कॉलेजच्या ईमेलवरच विचारणा करतात, खासगी ईमेल स्वीकारत नाहीत. आपल्याकडच्या कितीतरी कॉलेजांत सरांना अधिकृत ईमेल असतो, पण ते तो उघडत नाहीत. म्हणून पत्र मागायला जाल तेव्हा ईमेल चालू आहे का हेही विचारा आणि विनंती गेल्यावर फोन करा. अर्ज सहा-सहा आठवडे अडकायचं हे अगदी नेहमीचं कारण आहे.

तिसरी इंग्रजीची. आयईएलटीएस बहुतेक ठिकाणी चालते, पण प्रत्येक वेळी ती लागतेच असं नाही. बारावीच्या इंग्रजीचे गुण ठरावीक टक्क्यांच्या वर असतील तर काही विद्यापीठं तेवढ्यावर भागवतात. मात्र कोणतं बोर्ड चालतं याची त्यांची यादी असते. परीक्षेची फी भरण्याआधी तो नियम वाचा. माझं मत विचाराल तर, गरज नसली तरी लिहिण्याचा सराव करून जा. तिथे पहिल्या दीड महिन्यातच दोन-तीन हजार शब्दांचा निबंध द्यावा लागतो.

अभियांत्रिकी आणि विज्ञानाच्या काही पदव्युत्तर विषयांसाठी 'एटास' नावाची सुरक्षा मंजुरी लागते. ती मोफत आहे, पण किमान ३० कामाचे दिवस घेते आणि उन्हाळ्यात त्याहून जास्त. तुमच्या ऑफरमध्ये तिचा उल्लेख असेल तर त्याच आठवड्यात अर्ज करा.

पैसे: दाखवायचे आणि लागायचे

सगळ्यात जास्त व्हिसा इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबते.

व्हिसासाठी दोन रकमा मिळून दाखवायच्या असतात. पहिल्या वर्षाच्या फीपैकी भरायची राहिलेली रक्कम, आणि राहण्या-खाण्याचा नऊ महिन्यांपर्यंतचा खर्च. ११ नोव्हेंबर २०२५ पासून हा खर्च लंडनमध्ये महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड ठरवला आहे. म्हणजे नऊ महिन्यांचे अनुक्रमे १३,७६१ आणि १०,५३९ पौंड. उदाहरण घ्या. लंडनबाहेरचा कोर्स, फी २०,००० पौंड, त्यातले ५,००० डिपॉझिट भरलेले. राहिले १५,०००, त्यात १०,५३९ मिळवा: २५,५३९ पौंड. पौंड १२० रुपयांना धरला तर ३० लाख ६५ हजारांच्या आसपास. नेमके तेवढेच ठेवू नका. अर्जाच्या दिवशीच्या विनिमय दराने रक्कम मोजतात, त्यामुळे पाच टक्के तरी वर हवेत.

ही रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते आणि ते २८ दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांच्या आत संपलेले असावे लागतात. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक कमी झाली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा की महिनाभर त्या खात्यातून विजेचं बिलसुद्धा भरायचं नाही.

खातं कोणाचं चालतं? तुमचं, आई-वडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं. काका, मामा, आजोबा, मोठा भाऊ यांचं चालत नाही, त्यांनी कितीही मनापासून पैसे देऊ केले तरी. त्यांची मदत असेल तर ती वेळेत तुमच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात आली पाहिजे आणि मग २८ दिवस थांबलं पाहिजे. आईवडिलांचं खातं दाखवलं तर तुमचा जन्मदाखला आणि त्यांचं संमतीपत्र लागतं. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. ग्रामपंचायतीतून आलेल्या जुन्या दाखल्यांवर कधी बाळाचं नावच नसतं, तेही आधी दुरुस्त करून घ्या.

सातबारा, सोनं, एलआयसीची पॉलिसी, म्युच्युअल फंड, शेअर्स यांतलं काहीही या पुराव्यात धरत नाहीत. मुदतठेव कधीही मोडून पैसे काढता येत असतील तर चालते. खातं अशा बँकेत हवं जी योग्य नियामकाच्या देखरेखीखाली आहे, जिच्या नोंदी संगणकावर आहेत आणि जिच्याकडून पडताळणी होऊ शकते. पतसंस्थेत ठेवलेले पैसे कितीही खरे असले तरी इथे धोका पत्करू नका. राष्ट्रीयीकृत किंवा मोठ्या खासगी बँकेत ते वेळेत हलवा.

शैक्षणिक कर्ज असेल तर २८ दिवसांची अट नाही, पण मंजुरीपत्र अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांतलं, विद्यार्थ्याच्या नावाचं आणि रक्कम स्पष्ट लिहिलेलं हवं. गावाकडच्या कुटुंबांची अडचण वेगळीच असते: बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. एनए प्लॉट, फ्लॅट किंवा मुदतठेव मागतात. मालमत्तेचा शोध अहवाल, मूल्यांकन, वारसांच्या सह्या यांत दीड-दोन महिने सहज जातात. ऑफर आली की त्याच आठवड्यात बँकेत जा.

दाखवायच्या पैशांपलीकडे प्रत्यक्ष खर्च असतात. व्हिसाची फी ५०० पौंडांच्या वर आहे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला ७७६ पौंड. तो व्हिसाच्या पूर्ण मुदतीवर लागतो आणि कोर्सआधीचे व नंतरचे महिने त्यात येतात, त्यामुळे बारा महिन्यांच्या मास्टर्ससाठी तो साधारण १,१६४ पौंड होतो, आणि ऑनलाइन अर्जासोबत एकरकमी भरायचा असतो. शिवाय क्षयरोगाची तपासणी, विमान, पहिल्या महिन्याचं सामान. भारतातून वर्षाला दहा लाखांच्या वर रक्कम पाठवली तर टीसीएस (पैसे पाठवतानाच आगाऊ घेतला जाणारा कर) कापला जातो. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या फीवर मात्र तो लागत नाही. कापलेली रक्कम ज्याच्या पॅनवरून पैसे गेले त्याच्या आयकरात वळती होते, म्हणून विवरणपत्र भरणाऱ्या पालकाच्या खात्यातूनच फी पाठवा.

शिष्यवृत्ती

१९१६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा सोडून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून घेतलेलं कर्ज यांवर ते १९२० मध्ये पुन्हा गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. घेऊनच त्यांनी ते शिक्षण पुरं केलं. लंडनच्या किंग हेन्रीज रोडवरचं त्यांच्या वास्तव्याचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारने विकत घेतलं. तिथे शिकायला गेलात तर ते पाहून या.

अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची परदेश शिष्यवृत्ती राजर्षी शाहू महाराजांच्याच नावाची आहे. जागतिक क्रमवारी, उत्पन्न आणि वय यांच्या अटी असतात आणि त्या बदलतात, म्हणून जुन्या व्हिडिओवर विसंबू नका, त्या वर्षीचा शासन निर्णय आणि जाहिरात वाचा. इतर मागासवर्ग, अनुसूचित जमाती, अल्पसंख्याक यांच्यासाठी वेगळ्या योजना आहेत, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथीची आहे. निकाल कधी कधी कोर्स सुरू व्हायच्या तोंडावर लागतो. तेव्हा विद्यापीठाला आधीच लिहून डिपॉझिटची मुदत वाढवून मागा किंवा प्रवेश पुढच्या वर्षी ढकलता येईल का विचारा.

ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती एक वर्षाच्या मास्टर्सचा जवळपास सगळा खर्च उचलते. त्यासाठी किमान दोन वर्षांचा म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट असते. तिचे अर्ज साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, म्हणजे कोर्सच्या जवळजवळ वर्षभर आधी. १८९२ पासून चालत आलेली जे. एन. टाटा एंडोमेंटची कर्ज-शिष्यवृत्तीही बघा. आणि विद्यापीठाच्या स्वतःच्या दोन-तीन हजार पौंडांच्या सवलती किरकोळ समजू नका.

व्हिसा

ऑफरमधल्या अटी पुऱ्या झाल्या, डिपॉझिट भरलं की विद्यापीठ 'कॅस' देतं, म्हणजे प्रवेश पक्का झाल्याची क्रमांकासह नोंद, जी व्हिसाच्या अर्जाला लागते. त्याआधी अनेक विद्यापीठं ऑनलाइन मुलाखत घेतात. हाच कोर्स का, इथेच का, फीचे पैसे कुठून येणार, नंतर काय करणार, असे साधे प्रश्न असतात. पाठ केलेली उत्तरं लगेच ओळखू येतात. ज्याने मॉड्यूल वाचलेत त्याला ही मुलाखत जड जात नाही.

कॅस आला की त्यातली प्रत्येक ओळ तपासा: नाव, पासपोर्ट क्रमांक, कोर्सच्या तारखा, भरलेली रक्कम. चूक असेल तर व्हिसाच्या अर्जाआधी दुरुस्त करून घ्या. कोर्स सुरू होण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि भारतातून केलेल्या अर्जाचा निर्णय साधारण तीन आठवड्यांत येतो. क्षयरोगाचं प्रमाणपत्र फक्त यूके सरकारने मान्य केलेल्या दवाखान्याचं चालतं, ते सहा महिने वैध असतं आणि उन्हाळ्यात मुंबईतल्या तारखा लवकर भरतात. बोटांचे ठसे आणि फोटो मुंबई किंवा पुण्याच्या केंद्रावर देता येतात.

आता व्हिसा ऑनलाइन असतो. यूकेव्हीआयचं, म्हणजे यूकेच्या व्हिसा विभागाचं, खातं उघडा, त्याला पासपोर्ट जोडलाय याची खात्री करा आणि निघण्याआधी एकदा लॉगिन करून नाव-तारखा बघा. पुढे घरमालक आणि नोकरी देणारे दोघंही तुमचा व्हिसा तपासायला याच खात्यातून निघणारा 'शेअर कोड' मागतात.

पती, पत्नी किंवा मुलांना सोबत नेण्याचा विचार असेल तर १ जानेवारी २०२४ पासून नियम कडक झालाय. शिकवणी पद्धतीच्या मास्टर्सवर ते जवळपास बंदच आहे. पीएचडी आणि संशोधनावर आधारित पदव्युत्तर कोर्सेसना परवानगी आहे.

राहायची जागा आणि सामान

इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांच्या खोल्यांचं भाडं आठवड्याचं सांगतात. महिन्याचं काढताना चारने गुणू नका. ५२ ने गुणून १२ ने भागा, नाहीतर दरवर्षी चार आठवड्यांचं भाडं हिशेबातून निसटतं. पहिल्या वर्षासाठी विद्यापीठाचं वसतिगृह घ्या, असं मी आग्रहाने सांगते. थोडं महाग पडतं, पण जामीनदाराची कटकट नाही आणि बिलं भाड्यातच असतात. खासगी खोली घेणार असाल तर व्हिडिओवर बघून पैसे पाठवू नका. डिपॉझिट जास्तीत जास्त पाच आठवड्यांच्या भाड्याइतकं घेता येतं आणि ते मान्यताप्राप्त योजनेत ३० दिवसांत जमा करणं घरमालकावर बंधनकारक आहे. फक्त पूर्णवेळ विद्यार्थी राहत असलेल्या घराला कौन्सिल टॅक्स (घरावरचा स्थानिक कर) लागत नाही, त्यासाठी विद्यापीठाकडून दाखला घ्या.

सामानात आई तूप आणि पेढे भरणारच. ते काढून ठेवा. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. ताजा कढीपत्ताही नको. गोडा मसाला, मेतकूट, पापड, कोकम खुशाल न्या. एक लहान कुकर न्या. नियमित औषधं असतील तर डॉक्टरांची इंग्रजीतली चिठ्ठी सोबत हवी. जड स्वेटरची बॅग भरू नका, तिथल्या थंडीचं जाकीट तिथेच मिळतं.

पहिले पंधरा दिवस

विद्यापीठात नोंदणी करा, बँकेसाठी पत्र घ्या आणि घराजवळच्या दवाखान्यात जीपीकडे (सरकारी आरोग्यसेवेतल्या फॅमिली डॉक्टरकडे) नाव नोंदवा. हे शेवटचं काम मुलं टाळतात आणि नोव्हेंबरात ताप आला की धावपळ होते. अधिभार भरलेला असल्याने जीपीला भेटायला पैसे पडत नाहीत. इंग्लंडमध्ये औषधाच्या चिठ्ठीला मात्र ठरावीक शुल्क असतं आणि दात-डोळ्यांचा खर्च बहुतेक वेळा वेगळा, म्हणून दाताचं काम इथूनच करून जा. तातडी नसलेल्या तब्येतीच्या प्रश्नाला १११, जिवावरच्या प्रसंगाला ९९९.

डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. त्याचा मनावर परिणाम होतो, हे आधीच माहीत असलेलं बरं. विद्यापीठाची समुपदेशन सेवा मोफत असते, तिथे जाण्यात काहीही कमीपणा नाही. लंडनमध्ये १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, इतर बऱ्याच शहरांतही मराठी माणसं गणपती-दिवाळीला जमतात. ओळख नसली तरी जा. त्या एका जेवणाने आठवडा सावरतो.

अभ्यास आणि गुण

मास्टर्स १८० क्रेडिटचं असतं, त्यात प्रबंध बहुधा ६० चा. वर्गात आठवड्याचे जेमतेम दहा-बारा तास असतात, बाकी स्वतः वाचायचं. मोकळा वेळ दिसतो तो मोकळा नसतो. उत्तीर्ण व्हायला ५०, मेरिटला ६०, डिस्टिंक्शनला ७०. आपल्या ८५-९० च्या सवयीला ६२ बघून धक्का बसतो. घरी सांगताना हे प्रमाण समजावून सांगा, कारण ६२ म्हणजे तिथे चांगलं काम.

स्रोत न देता दुसऱ्याची वाक्यं घेणं हा तिथे गंभीर गुन्हा धरतात, आणि अनेक मुलं तो नकळत करतात, कारण आपल्याकडे नोट्समधून जसंच्या तसं लिहायची सवय लागलेली असते. पहिल्याच आठवड्यात ग्रंथालयाची संदर्भ-लेखनाची कार्यशाळा करा. आजारपण किंवा घरी मृत्यू अशी अडचण आली तर मुदतीच्या आधी लेखी अर्ज करा, नंतर सांगून उपयोग होत नाही. हजेरी गंभीरपणे घ्या. तुमच्या व्हिसाचं प्रायोजक विद्यापीठ असतं; तुम्ही गैरहजर राहिलात आणि विद्यापीठाने ते प्रायोजकत्व काढलं तर व्हिसाच जातो.

विद्यापीठाने अन्याय केला असं वाटलं तर आधी त्यांची तक्रार प्रक्रिया पूर्ण करा. स्टुडंट्स युनियनची सल्लासेवा त्यात मदत करते. तिथे न्याय मिळाला नाही तर अंतिम पत्र मिळाल्यापासून बारा महिन्यांत 'ऑफिस ऑफ द इंडिपेंडंट ॲडज्युडिकेटर'कडे मोफत दाद मागता येते.

काम

पदवी आणि मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं, आठवडा सोमवार ते रविवार. २१ वर्षं आणि त्यावरच्यांना किमान वेतन एप्रिल २०२६ पासून ताशी १२.७१ पौंड आहे. कागदावर आठवड्याचे अडीचशे पौंड होतात, पण काम मिळायला दोन-तीन महिने लागू शकतात आणि परीक्षेच्या काळात तास कमी करावे लागतात. या कमाईतून भाजी-किराणा निघाला तर चांगलंच. फी आणि भाडं तिच्यावर टांगू नका.

दोन चुका सर्रास होतात. मास्टर्सची मुलं समजतात की जून ते सप्टेंबर सुट्टी आहे, पूर्णवेळ काम करू. तो प्रबंधाचा काळ असतो, सुट्टी धरत नाहीत, २० तासांची मर्यादा तशीच राहते. दुसरी चूक स्वयंरोजगाराची. तो पूर्ण बंद आहे, म्हणून स्वतंत्र कंत्राटदार धरून काम देणाऱ्या ॲपवरची डिलिव्हरी, फ्रीलान्स वेबसाइट, शिकवण्या यांतलं काहीही करता येत नाही. पुण्यातल्या जुन्या कंपनीचं काम रात्री लॅपटॉपवर केलं तरी ते कामाच्याच तासांत मोजलं जातं.

पदवीनंतर

कोर्स पूर्ण झाल्यावर ग्रॅज्युएट व्हिसावर थांबून नोकरी शोधता येते. १ जानेवारी २०२७ पासून केलेल्या अर्जांना पदवी आणि मास्टर्ससाठी ही मुदत दोन वर्षांऐवजी १८ महिने मिळेल, पीएचडीला तीन वर्षं कायम आहेत. म्हणजे २०२६ च्या सप्टेंबरात एक वर्षाच्या मास्टर्सला गेलेल्यांनी १८ महिनेच धरावेत. पुढे स्किल्ड वर्कर व्हिसासाठी प्रायोजक कंपनी आणि पगाराची अट लागते. जुलै २०२५ पासून सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे आणि नव्याने कामाला लागणाऱ्यांसाठी ३३,४०० पौंड. कर्जाचा हप्ता ठरवताना या आकड्यांकडे बघा, पण इंग्लंडमध्ये नोकरी लागलीच नाही तर मुंबई-पुण्याच्या पगारात तो हप्ता झेपेल का, हे गणितही त्याच कागदावर मांडा.

ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज यूकेमध्ये असतानाच आणि स्टुडंट व्हिसा संपण्याआधी करावा लागतो. तुम्ही उत्तीर्ण झाल्याचं विद्यापीठाने गृह खात्याला कळवलेलं असावं लागतं. प्रबंध दिला की दिवाळीला घरी यायची ओढ लागते. तिकीट काढण्याआधी विद्यापीठाच्या व्हिसा विभागाला ईमेल करून ती नोंद कधी जाणार ते विचारा, आणि परतीची तारीख त्याप्रमाणे ठेवा.